उजवी टाकी

"चप्पल काढून चढू का रे?" आक्कानं विचारलं.

"बस्ती आहे का ती, देवाच्या दर्शनाला आल्यासारखी चप्पल काढायला? चढ तशीच," मी म्हणालो.

तरी तिनं पंखाजवळ चप्पल काढली, जोडून ठेवली आणि माझ्या खांद्याला धरून ती विमानात चढली. पदर कमरेला घट्ट खोचलेला, वेणीत अबोलीचा गजरा, हातात प्लास्टिकची पिशवी. उलटी आली तर असावी म्हणून ती पिशवी तिनंच घरून आणली होती.

दाजी बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते. माझे दाजी, धन्यकुमार मगदूम, फायबरचा माल करायचे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, मंडपाच्या कमानी. पोट त्याच्यावर चालायचं, पण जीव अडकला होता तो ह्या विमानात. परदेशातून नकाशे मागवून, फायबरचे थर एकावर एक चढवत, आठ वर्षं खपून त्यांनी दोन माणसांचं हे विमान आपल्या शेडमध्ये उभं केलं होतं. त्या आठ वर्षांत आक्का शेडच्या दारापर्यंत यायची ती फक्त "जेवायला चला" म्हणायला. विमानाला ती 'माझी सवत' म्हणायची. कुणी विचारलं, मगदूम कुठं आहेत, तर म्हणायची, "असतील सवतीकडं." सुरुवातीला हे बोलणं हसण्यावारी जायचं. पुढं पुढं ते म्हणताना ती हसायची बंद झाली.

आणि आज तीच आपण होऊन सवतीच्या मांडीवर बसायला आली होती. आदल्या आठवड्यात तिनं मला फोन केला. "भरत्या, तू उडवणार असशील तर मी बसते. त्यांना आत्ता सांगू नको, ऐन वेळी सांगू." घरात विमान उडवायचा परवाना एकट्या माझ्याकडं होता. चाचणीची उड्डाणं मीच केली होती आणि आता दुसरं माणूस बसवायला परवानगी आली होती. ते दुसरं माणूस आक्का असेल असं दाजींच्या स्वप्नातही नव्हतं. सकाळी तिनं सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

मला मात्र आनंद होत नव्हता. आई गेली तेव्हा मी तिसरीत होतो. मला न्हाऊमाखू घालणारी, अभ्यासाला बसवणारी, लग्न होऊन गेल्यावर सासरीसुद्धा बरोबर घेऊन गेलेली ती आक्का. तिला शेजारी बसवून मी एकट्याच्या हिमतीवर वर जाणार होतो. तिचा पट्टा आवळून झाला तरी मी तो दोनदा ओढून बघितला.

धावपट्टी साखर कारखान्याची. कुणा जुन्या चेअरमननं मुंबईला जायला म्हणून बांधलेली, आणि पुढं कुणी विमान आणलं नाही म्हणून गावकऱ्यांनी सोयाबीन वाळवायला घेतलेली. आम्ही उडायच्या दिवशी ते सोयाबीन गोळा करून पट्टी झाडून द्यायचे आणि कडेला बसून मजा बघायचे. पट्टीच्या चारही बाजूंना ऊस. जिथवर नजर जाईल तिथवर उभा, तोडणीला आलेला, दीड पुरुष उंचीचा ऊस. बघणाऱ्याला गार वाटायचं. उडणाऱ्याला धास्ती वाटायची, कारण इंजिन बंद पडलं तर उतरायला पट्टी सोडून हातभर जागा नव्हती. उसात उतरलं की चाकं अडकून विमान उलटं होणार हे ठरलेलं.

उडायच्या आधी टाकीच्या बुडाचा चाप दाबून थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्यायचं आणि त्यात पाणी किंवा कचरा नाही ना ते बघायचं, असा रिवाज. दोन पंखांत दोन टाक्या, दोन्ही फायबरच्या, दाजींनी हातांनी केलेल्या. डाव्या टाकीचं पेट्रोल नेहमीसारखं होतं. उजव्या टाकीचं मला किंचित गडद वाटलं.

"दाजी, हे बघा."

त्यांनी भांडं उन्हाकडं धरलं. "काय हाय त्यात?"

"रंग."

"सावलीत धरलंस म्हणून तसं दिसतंय. पाणी हाय काय? कचरा हाय काय?"

दोन्ही नव्हतं. पण मला पुन्हा एकदा बघावंसं वाटत होतं. पेट्रोलच्या बाबतीत दाजी स्वतः फार कडक होते. पंपावरच्या पेट्रोलात उसापासून काढलेलं इथेनॉल मिसळलेलं असतं. मोटारीला ते चालतं. फायबरचे थर धरून ठेवणारं टाकीतलं रेझिन मात्र ते हळूहळू मऊ करतं, सोलून काढतं. म्हणून दाजी पेट्रोल आणून त्यात पाणी ओतायचे, कॅन गदागदा हलवायचे आणि ठेवून द्यायचे. इथेनॉल पाण्याला जाऊन मिळायचं, पाणी तळाला बसायचं आणि ते काढून टाकलं की वरचं पेट्रोल विमानाचं. गावात त्यांचं नावच पडलं होतं, पेट्रोल धुणारे मगदूम.

"उजवी काठोकाठ भरलीय," ते म्हणाले. "उजवीवरच जा."

भरलेली दिसत होती खरी. मध्ये ढगाळ हवेमुळं दोन-तीन आठवडे उड्डाण पुढं ढकललं गेलं होतं, तेव्हापासूनच ती भरलेली होती. मला वाटलं दाजींनी भरली असेल. त्यांना वाटलं असेल मी भरली. विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

"आज राहू दे का, दाजी?" मी हळूच म्हणालो. "टाकी रिकामी करून बघू. उद्या जाऊ."

दाजी माझ्या अगदी जवळ आले. "भरतराव, आज न्हाई गेलात तर ती परत बसायची न्हाई. आठ वर्षांनी बसलीय. तिच्या तोंडाकडं बघा एकदा."

मी बघितलं. आक्का पिशवी मांडीवर ठेवून ताठ बसली होती, एखाद्या परीक्षेला बसावं तशी. मी भांड्यातलं पेट्रोल गवतावर ओतलं आणि चढलो.

विमान वर उचललं तेव्हा तिनं माझा दंड इतका जोरात धरला की नखं रुतली. डोळे मिटून ती णमोकार मंत्र म्हणत होती आणि हेडफोनमधून तो थेट माझ्या कानात येत होता. उसाच्या वर आलो, नदीचं वळण दिसायला लागलं, तसा तिचा हात सैल झाला.

"उघड की डोळे."

"उघडते. तू गप बस."

उघडले. मग एकदम ओरडली, "अरे, आपली बस्ती! दारातला मानस्तंभ बघ, पेन्सिलीएवढा दिसतोय! आणि ते बाबांचं घर, पत्रा नवीन घातलेला. भरत्या, केवढंसं रे आपलं गाव! ह्यात आम्ही जन्मभर भांडतोय."

"आवडली का सवत?"

"बरी हाय," ती म्हणाली. मग खाली बघतच म्हणाली, "तुझ्या दाजींनी खरंच केलंय रे काहीतरी."

हे दाजींना सांगायचं असं मी मनाशी पक्कं केलं, आणि तेवढ्यात इंजिन खोकलं.

एकदाच. मग नीट चालायला लागलं. आक्काला कळलंही नाही. माझी नजर पेट्रोलच्या दाबाच्या काट्यावर गेली. काटा खाली आला होता. मी विजेवरचा पंप चालू केला. काटा चढला आणि पुन्हा उतरायला लागला.

धावपट्टी मागं राहिली होती. मी विमान वळवलं. वळताना इंजिन पुन्हा खोकलं, ह्या वेळी दोनदा-तीनदा, आणि त्याचा आवाज बसला. समोरचा पंखा फिरत होता, पण विमान उंची सोडायला लागलं होतं.

"काय झालं?" आक्कानं विचारलं.

"काही नाही. परत चाललोय."

"एवढ्यात?"

डोकं भराभरा चालवायचा प्रयत्न करत होतो आणि ते चालत नव्हतं. पंप गेला असेल तर काही इलाज नाही. कार्बोरेटर तुंबला असेल तरीही नाही. खाली सगळीकडं ऊस. मनात एकच गोष्ट घोळत होती, की विमान उलटलं तर तिचा पट्टा मला काढता येईल का. ती माझ्याकडं बघत होती, मी लहानपणी तापात असताना बघायची तशी.

"पेट्रोल संपलं व्हय रे?" ती म्हणाली. "पण संपलं कसं? मी तर काठोकाठ भरलंय."

"काय?"

"ही, माझ्या बाजूची टाकी." तिनं उजव्या पंखाकडं हात केला. "तू घाबरू नको, चांगलं गाळून भरलंय. दोनपदरी फडक्यातनं. पाणी गाळतो तसं."

आमच्या घरात पाणी कधी गाळल्याशिवाय प्यायलं गेलं नाही. आक्काचं पाण्याचं फडकं म्हणजे पांढरंशुभ्र, दोनपदरी. ते दुसऱ्या कशाला लावायची कुणाची छाती नव्हती. त्या फडक्यातून तिनं पंपावरचं पेट्रोल गाळलं होतं.

"धुतलं नाहीस?"

"धुवायला मला कुठं येतंय? ते काय, कचरा जायला धुतात ना? गाळलं की जातोय कचरा. एक कण जाऊ दिला न्हाई मी."

सगळं एका क्षणात माझ्या ध्यानात आलं. तो गडद रंग, उतरणारा काटा. टाकीचं रेझिन सुटून तिच्या तोंडाशी असलेल्या गाळणीत येऊन अडकत होतं. पंप ठीक होता, कार्बोरेटर ठीक होता.

"आक्का, दुसऱ्या बाजूची? डावी? ती पण भरलीस?"

"न्हाई. त्याचं झाकण लई घट्ट. माझ्यानं निघेना."

मी टाकी बदलायचा खटका डावीकडं फिरवला.

काहीच झालं नाही. नळीतलं पेट्रोल संपून नवं यायला वेळ लागतो हे मला माहीत होतं, तरी तो वेळ सोसवत नव्हता. खाली उसाचे तुरे स्पष्ट दिसायला लागले. संकट आक्काला कळलं होतं. पिशवी तिच्या हातात चुरगळली होती.

मग इंजिननं श्वास घेतला. काटा वर आला, अर्ध्यापर्यंत. मी जोर वाढवला तर पुन्हा खोकला. दोन्ही टाक्यांचं पेट्रोल जिच्यातून जातं त्या मुख्य गाळणीतही घाण साठलेली असणार. कमी जोरावर ठेवलं तर कसंबसं चालत होतं. जास्त मागायचं नाही, मिळतंय तेवढ्यात घर गाठायचं, असं ठरवून मी पट्टीच्या दिशेनं सरळ धरलं. शेवटचा उसाचा फड चाकांखालून गेला तेव्हा तुरे चाकांना लागल्याचा आवाज आला असं मला अजूनही वाटतं. आक्का म्हणते, आवाज वगैरे काही आला नाही.

चाकं पट्टीवर टेकली. कुणाचं तरी न उचललेलं सोयाबीन चाकांखाली फुटत गेलं आणि विमान थांबलं. मी इंजिन बंद केलं.

"उतर," मी म्हणालो.

"तू आधी पाणी पी," आक्का म्हणाली.

दाजी पट्टीच्या त्या टोकापासून पळत आले. त्यांची चप्पल कुठं गळून पडली होती कोण जाणे. त्यांनी आधी आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काही न विचारता इंजिनाचं झाकण उघडलं. गाळणीची वाटी काढली. आत तपकिरी, चिकट काहीतरी होतं, काकवीसारखं. दाजींनी त्यात बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं आणि नाकाशी नेलं.

मग ते तिथंच जमिनीवर बसले.

"विरघळली," ते म्हणाले. "माझी टाकी विरघळली. रेझिन कच्चं ऱ्हायलं माझं." त्यांनी ते बोट जमिनीला पुसलं. "तुमच्या दोघांचा जीव घेतला असता मी, भरत. सांगत होतास तू मला, रंग बघा म्हणून. मी ऐकलं न्हाई. बंद हे. आजपासनं बंद. भंगारात घालतो."

मी आक्काकडं बघितलं. तिला अजून नीट कळलं नव्हतं की काय बिघडलं आणि कशानं बिघडलं. कळायला नकोच असं मला वाटलं. तिनं आठ वर्षांत पहिल्यांदा त्या शेडमध्ये पाऊल टाकलं होतं, ते त्यांना न सांगता काहीतरी चांगलं करावं म्हणून.

"टाकीचा दोष नाही, दाजी," मी म्हणालो. "पंपावरचं पेट्रोल पडलंय त्यात. न धुतलेलं. मी भरलं."

दाजींनी मान वर केली. "तू?"

"हो. घाईत होतो."

ते उठले. मी त्यांना तेव्हा सोळा-सतरा वर्षं ओळखत होतो आणि त्यांनी माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. त्या दिवशी त्यांचा हात वर गेला. "तुला माहीत होतं! सगळ्या दुनियेत एक तुला माहीत होतं त्यात काय घालायचं ते! आणि तिला घेऊन वर गेलास? माझ्या बायकोला?"

"अहो!" आक्का मधे आली. तिनं तो वर गेलेला हात धरला. "पोराला काय मारताय? खोटं बोलतोय तो. पेट्रोल मी भरलंय."

पट्टीच्या कडेला बसलेली माणसं उठून उभी राहिली होती. जवळ कुणी आलं नाही.

"तुम्ही कोल्हापूरला कागदं घेऊन गेला होता ना, तेव्हा. रात्री म्हणत होता, अजून एवढं पेट्रोल धुवायचंय, हात दुखतात. म्हटलं आपण भरून ठेवावं. एकदा तरी. गाळून भरलं हो मी. आपल्या पाण्याच्या फडक्यातनं. दोनदा गाळलं."

दाजी तिच्याकडं वळले.

"कशातनं?"

"पाण्याच्या फडक्यातनं."

त्यांचा हात तिनं अजून धरलेलाच होता. तो त्यांनी सोडवून घेतला नाही. ते म्हणाले, "त्यात कण नव्हताच गं. मिसळलेलं असतंय ते. दुधातल्या पाण्यासारखं. गाळून जात न्हाई."

"मला काय ठाऊक? सांगितलं होतंत कधी?"

"तू विचारलंस कधी?"

आक्का माझ्याकडं वळली. माझा चेहरा बघून तिला शेवटी सगळं कळलं असावं, कारण ती एकदम खाली बसली आणि रडायला लागली. "मी मारला असता रे तुला. माझ्या हातानं मारला असता." मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मलाही रडू आलं, पट्टीवर, सगळ्या गावासमोर.

मग तिनं नाक पुसलं. पेट्रोल भरायला घेतलेली शेडची दुसरी किल्ली कमरेला खोचलेली होती, ती सोडवली आणि दाजींपुढं धरली.

"घ्या. परत हात लावायची न्हाई मी तुमच्या विमानाला."

दाजींनी किल्लीकडं बघितलं. मला वाटलं, घेतील. घेतली असती तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. आता आठ वर्षांचं काम मोडायचं होतं. पंख कापून टाकी काढायची, नवी करायची, परत सगळी चाचणी, परत सगळे कागद.

"असू दे तुझ्याजवळच," ते म्हणाले. "उद्या पंख उघडायचाय. मी आत हात घालून तासणार, वरनं कुणीतरी बत्ती धरायला लागतंय. भरतरावांना काही ते जमत न्हाई, हात हालतात त्यांचे."

मी दोन्ही हात खिशात घातले.

आक्कानं किल्ली लगेच परत घेतली नाही. तिनं विमानाकडं बघितलं, उघड्या झाकणाकडं, त्या तपकिरी वाटीकडं आणि मग आपल्या नवऱ्याकडं.

"डेअरीला दूध घालून आठला येते," किल्ली पुन्हा कमरेला खोचत ती म्हणाली. "पण आधी सगळं सांगायचं. पहिल्यापासनं. मधलं काही गाळायचं न्हाई."

दाजी तिथंच, त्या तापलेल्या पट्टीवर, तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि आत्ताच सांगायला लागले.